देवदार : शब्द, वृक्ष आणि आश्रित

‘मेघदूता’ची मराठी रूपांतरे एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याचा एक पाठ गेल्या हिवाळ्यात दिल्लीत तौलनिक साहित्याच्या वर्गात घेत होतो. उत्तरमेघातील एक स्थळ आले. रामगिरीवर अडकून पडलेला यक्ष हिमालयाकडून दक्षिणेला येणाऱ्या वाऱ्यांना कवटाळतो. ते वारे देवदारांची कोवळी पालवी उकलून, तिच्यातील चिकाचा सुगंध घेऊन निघालेले असतात. कदाचित प्रियेच्या अंगालाही त्यांचा स्पर्श झाला असेल, एवढीच त्याची आशा. अर्थ सांगून झाल्यावर मी सहज विचारले, ‘देवदार’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे नेमके काय उभे राहते?

बंगाली विद्यार्थिनीने खिडकीबाहेर बोट दाखवले. तेथे रस्त्याच्या कडेने सरळसोट, लोंबत्या लांबट पानांच्या झाडांची रांग होती. दिल्लीत त्यांना ‘अशोक’ म्हणतात. बंगालीत तोच ‘देबदारु’. तेलुगू विद्यार्थ्याला आपल्याकडच्या कोरड्या टेकड्यांवरचे, सुवासिक लाकडाचे एक लहानखुरे झाड आठवले. मराठी विद्यार्थी किंचित संकोचून म्हणाला, “सर, खोके.” वर्गात हशा पिकला. शेवटी कुल्लूकडची एक विद्यार्थिनी म्हणाली, “आमच्या घरामागे आहे. रात्री त्याच्यावरून उडती खार खालच्या झाडावर जाते.”

या चार उत्तरांपैकी पहिल्या तिघांनी देवदार म्हणजे काय ते सांगितले. चौथ्या उत्तराने तो कोणाचा आहे हे सांगितले. एखाद्या वृक्षाचे नाव एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाते, तेव्हा त्याचा आकार, त्याचे पावित्र्य किंवा त्याचा उपयोग यांपैकी काही ना काही नावाबरोबर जाते. मागे राहतात ते त्याचे आश्रित, म्हणजे त्याच्या आसऱ्याने जगणारे पशुपक्षी. प्रस्तुत लेखात देवदाराच्या निमित्ताने या हानीचा विचार करावयाचा आहे. ही हानी कवींनी केलेली नाही. ती पुढे कोशांतून, टीपांतून आणि व्यवहारातून होत गेली, असे मला वाटते.

१. शब्दाचे स्थलांतर

‘दारु’ म्हणजे लाकूड, वृक्ष. हा शब्द फार प्राचीन आहे. ग्रीकमधील लाकूड व भाला या अर्थांचा ‘दोरु’ आणि इंग्रजीतील ‘ट्री’ हे त्याचेच दूरचे आप्त. ‘देवदारु’ म्हणजे देवांचे लाकूड. नावातच वृक्षापेक्षा लाकडाला मान आहे, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘अमरकोशा’त देवदारूचे पर्याय येतात, तसे ‘सरल’ वृक्षाचेही येतात. आणि ‘पूतिकाष्ठ’ हे नाव दोन्ही ठिकाणी आढळते. सरल म्हणजे आजचा चीड. देवदार आणि चीड हे दोन अगदी वेगळे वृक्ष, वेगळ्या उंचीवर वाढणारे. परंतु गंधयुक्त, राळ गाळणारे लाकूड या नात्याने कोशात त्यांची सीमारेषा पुसट होते. लाकूड पाहणाऱ्याला हा भेद फारसा अडत नाही. वन पाहणाऱ्याला तो फार मोठा आहे.

मराठीची अडचण आणखी निराळी आहे. महाराष्ट्रात शंकुधारी, सूचिपर्णी असा एकही वृक्ष निसर्गतः वाढत नाही. दक्षिण भारताच्या वाट्याला अशा कुळातील एकच स्थानिक वृक्ष आला आहे. तो सह्याद्रीच्या थेट दक्षिण टोकाकडील वर्षावनात असतो, आणि त्याची पानेही सुईसारखी नसून रुंद असतात. त्यामुळे मराठी माणसाने देवदार पाहिला तो झाड म्हणून नव्हे. तो त्याच्या घरी दोन वाटांनी आला. एक वाट वैद्याची : देवदार्व्यादी काढ्यात बाळंतिणीसाठी त्याच्या लाकडाचे तुकडे उकळत. दुसरी वाट बंदराची : मुंबईत उतरणाऱ्या मालाच्या पेट्या हलक्या, पिवळसर, गाठाळ फळ्यांच्या असत, त्यांना ‘देवदारी खोकी’ म्हणत. ते लाकूड पुष्कळदा देवदाराचे नव्हेच, परदेशी पाइनचे असे. देवांचे लाकूड अशा रीतीने आमच्या माळ्यावर अडगळ ठेवण्याच्या कामी आले.

‘सुरू’ या शब्दाची कथाही याच जातीची आहे. फारसीतील ‘सर्व’ हा डौलदार सूचिपर्णी वृक्ष. प्रेयसीच्या बांध्याला त्याची उपमा देण्याचा संकेत फारसी-उर्दू काव्यात सर्वश्रुत आहे. तो शब्द मराठीत ‘सुरू’ झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पश्चिम किनाऱ्यावर वाळू धरून ठेवण्यासाठी लावलेल्या एका परदेशी झाडाला चिकटला. कोकणच्या पुळणीवरील सुरूचे बन सूचिपर्णी वनासारखे दिसते, वाऱ्याने तसेच घुमते, त्याची फळेही लहान शंकूंसारखी असतात. परंतु ते फुलझाड आहे, शंकुधारी वृक्षांशी त्याचे काही नाते नाही. नाव इराणातले, झाड ऑस्ट्रेलिया व आग्नेय आशियाकडचे आणि त्याखाली बसून कविता वाचणारा रत्नागिरीचा. यात हसण्यासारखे काही नाही. भाषा अशाच जगतात. मात्र नाव आले म्हणून वन आले, असे समजू नये.

२. वृक्ष

आता प्रत्यक्ष वृक्षाकडे वळू. देवदार हा पश्चिम हिमालयाचा, अफगाणिस्तानच्या पूर्व भागापासून गढवाल-कुमाऊँ व पश्चिम नेपाळपर्यंतचा स्थानिक सदाहरित वृक्ष. साधारण दीड हजार ते तीन हजार मीटर उंचीच्या पट्ट्यात तो वाढतो. हिमाचल प्रदेशाचा तो राज्यवृक्ष आहे, आणि पाकिस्तानचा राष्ट्रवृक्षही. चाळीस-पन्नास मीटर उंची त्याला सहज लाभते. तारुण्यात त्याचा आकार मंदिराच्या शिखरासारखा निमुळता असतो. वय झाले की माथा सपाट होतो आणि फांद्या आडव्या पसरतात. निळसर हिरव्या, आखूड सुयांचे झुबके लहान डहाळ्यांवर चक्राकार बसतात. पाइनच्या सुयांप्रमाणे दोन, तीन किंवा पाच अशा मोजक्या सुयांची जुडी येथे नसते. एका झुबक्यात वीस-तीस सुया असतात.

शरद ऋतूत, इतर झाडे आवरते घेत असतात तेव्हा देवदाराचा पराग उडतो, आणि त्या मोसमात रानवाटांवर पिवळी भुकटी साचते. शंकू पिकावयास त्यानंतर वर्ष लागते. पाइनचा शंकू अखंड खाली पडतो. देवदाराचा शंकू मात्र झाडावरच खवल्याखवल्याने उकलतो, पंख असलेल्या बिया वाऱ्यावर जातात आणि फांदीवर नुसता मधला दांडा उभा राहतो. आयुष्य शतकांचे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या संग्रहालयात देवदाराच्या खोडाचा एक आडवा छेद ठेवला आहे. त्यावर सातशेहून अधिक वलये आहेत. ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच्याही आधी अंकुरलेले झाड असे नुसते म्हटले, तरी मराठी वाचकाला त्याचा काळ कळतो.

३. आश्रितांचे विश्व

या वृक्षाचा वन्य जीवांना उपयोग काय? येथे भावनेच्या आहारी जाऊन चालणार नाही. देवदार हा उंबर नव्हे. त्याला गोड फळ नाही, फुलांत मध नाही. त्याच्या बियांवर राळेच्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्यामुळे पाइनच्या बियांवर जशी झुंबड उडते तशी येथे उडत नाही. दरवर्षी सारखे बीही येत नाही. खाद्य पुरवणारा म्हणून पाहिले तर शेजारचा बांज, मोहरू यांसारखा ओक त्याच्याहून उदार आहे. अस्वलापासून नीलकंठी पक्ष्यापर्यंत कितीतरी जण ओकच्या फळांवर हिवाळ्याची बेगमी करतात.

देवदाराचे दान अन्नाचे नाही, आश्रयाचे आहे. हिवाळ्यात पानझडी झाडे उघडी पडतात तेव्हा हा हिरवा राहतो. त्याच्या एकावर एक पसरलेल्या फांद्या बर्फ वरच्यावर झेलतात आणि उतारावरून झटकून टाकतात; त्यामुळे बुंध्याजवळची जमीन आसपासच्या मोकळ्या उतारापेक्षा उथळ बर्फाची असते. घोरलसारख्या जनावराला त्या दिवसांत तेवढ्या उघड्या जमिनीवर जगावयाचे असते. कोकलास, मोनाल हे तित्तिरकुळातील पक्षी थंडीत वरच्या कुरणांवरून या वनांत उतरतात. जुन्या फांद्यांवर दगडफुलांच्या दाढ्या लोंबतात. कस्तुरीमृगाचा हिवाळ्यातील आहार बऱ्याच अंशी अशाच दगडफुलांवर चालतो. म्हणजे वृक्ष स्वतः खाऊ घालीत नाही. जे खाऊ घालते त्याला तो अंगावर वाढू देतो.

सालीच्या भेगा हे दुसरे जग. साल जून होऊन फाटते, तिच्या फटींत कोळी व किडे राहतात आणि त्यांना टिपीत एक तपकिरी, बाकदार चोचीचा चिमणा पक्षी बुंध्यावर उंदरासारखा वर वर चढत जातो; सुटलेल्या सालीआड तो घरटे करतो. सुतारपक्ष्यांनी कोरलेल्या ढोली पुढे रामगंगा व उडती खार यांच्या उपयोगी पडतात. काश्मिरी उडती खार ही मुख्यतः अशाच सूचिपर्णी व मिश्र वनांची रहिवासी. माझ्या विद्यार्थिनीच्या घरामागून रात्री जाणारी बहुधा हीच असावी. देवदाराची पाने खाऊन टाकणारा एक पतंग आहे. त्याला शास्त्रज्ञांनी नावही या वृक्षावरूनच दिले आहे. त्याच्या अळ्यांची धाड आली की डोंगरच्या डोंगर तांबूस दिसतात. वनाधिकाऱ्याच्या दृष्टीने ही रोगराई. पिलांना भरवणाऱ्या रामगंगेच्या दृष्टीने तो सुकाळ.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. हे सारे वर्णन जुन्या आणि मिश्र वनाचे आहे. ज्यात देवदाराबरोबर ओक आहे, बुरांस आहे, खाली रिंगाळ बांबूची दाटी आहे, आणि वर उंचावर रई व तोस यांची राने सुरू होतात, असे वन. कुल्लूतील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात (२०१४ पासून जागतिक वारसा स्थळ) असा उतार पायथ्यापासून माथ्यापर्यंत सलग राखला गेला आहे, आणि हिमाचलचा राज्यपक्षी जुजुराणा तेथे टिकून आहे. एकाच वयाच्या देवदारांच्या लागवडीत मात्र ढोल नसते, सुटलेली साल नसते, सावलीत झुडूप वाढत नाही. झाडे तीच, परंतु आश्रित नाहीत.

४. कालिदासाची साक्ष

हे ज्ञान आधुनिक वनशास्त्राने प्रथमच दिले असे समजण्याचे कारण नाही. कालिदासाच्या काव्यांत देवदार आणि सरल जेथे जेथे येतात ती स्थळे एकत्र करून पाहिली, तर एक लक्षणीय गोष्ट आढळते : हा कवी या वृक्षांना क्वचितच एकटे उभे करतो.

‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात हत्ती गंडस्थळाची खाज भागवण्यासाठी सरल वृक्षांवर अंग घासतात, आणि पाझरलेल्या चिकाने शिखरे सुगंधी होतात. तेथेच थोडे पुढे भागीरथीचे तुषार वाहणारा वारा देवदारांना हलवतो. त्या वाऱ्याचा आनंद घेणारे आहेत हरिणांच्या मागावर निघालेले किरात. वृक्ष, मृग आणि व्याध अशी पूर्ण साखळी एका श्लोकात आली आहे. त्याच सर्गात शिव तपासाठी जो उतार निवडतो, त्याच्या खुणांत कवीने या दोन गोष्टी सांगितल्या आहेत : तेथील देवदार गंगेच्या प्रवाहाने भिजतात आणि तेथे कस्तुरीचा गंध आहे. देवदाराचे वन व कस्तुरीमृग यांचा संबंध आपण वर पाहिलाच. पूर्वमेघात सरल वृक्षांच्या फांद्या घासून वणवा पेटतो आणि चमरी गाईंच्या शेपटीचे केस होरपळतात. मेघाने तो वणवा विझवावा, अशी यक्षाची विनंती आहे. आज चिडाच्या रानांतील बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात हे आपण जाणतो; परंतु वणवा चिडाच्या रानाचा, देवदाराच्या नव्हे, ही कवीची निवड अचूक आहे. चिडाच्या वाळलेल्या सुयांचा थर आणि त्याची राळ दर उन्हाळ्यात कुमाऊँ-गढवालात तेच दृश्य उभे करतात.

हत्तीही विचारपूर्वक आला आहे. चीड शिवालिकच्या टेकड्यांपासून वाढू लागतो, आणि त्या पायथ्याच्या रानांत हत्ती आजही आहेत. देवदाराच्या उंचीवर मात्र हत्तीची वस्ती नाही. यामुळेच ‘रघुवंशा’च्या दुसऱ्या सर्गातील प्रसंग अधिक मननीय ठरतो. तेथे रानहत्तीने एका देवदारावर अंग घासून त्याची साल काढली. तो देवदार शिवाने पुत्र मानलेला, पार्वतीने स्वतः पाणी घालून वाढवलेला. स्कंदालाच जखम व्हावी तसे तिला दुःख झाले. म्हणून शिवाने कुंभोदर नावाच्या आपल्या गणाला सिंहरूपाने तेथे राखणीला बसवले. दिलीप राजा राखत असलेली गाय त्या सीमेत शिरते आणि पुढचे कथानक घडते.

या प्रसंगाकडे आपण बहुधा दिलीपाच्या त्यागाचा प्रसंग म्हणून पाहतो. पण त्याचे मूळ कशात आहे? एका झाडाची साल निघाली, यात. सालीची जखम ही पुत्राची जखम आहे, असे मानणारी देवता आणि त्या जखमेपायी नेमलेला पहारेकरी, यांवर संपूर्ण नीतिकथा उभी आहे. शिवाय कवीने हत्तीला शिक्षा दिली नाही. पुढे कोणी येऊ नये एवढीच व्यवस्था केली. राजा आपला देह देऊ करतो. सिंह मारला जात नाही, गाय मारली जात नाही, वृक्ष उभाच राहतो.

५. दुसरे वन, दुसरा पहारेकरी

तौलनिक अभ्यासकाला येथे एका फार जुन्या काव्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. मेसोपोटेमियातील गिल्गमेशच्या महाकाव्यातही देवदाराचेच वन आहे. लेबानॉनचा सीडर आणि आपला देवदार हे एकाच प्रजातीतील सख्खे भाऊ. त्या वनालाही देवाने नेमलेला राखणदार आहे : हुंबाबा. गिल्गमेश व त्याचा सखा एन्किडू तेथे जातात, राखणदाराला ठार करतात, वृक्ष तोडतात आणि नगरातील मंदिरासाठी भव्य दार घडवतात.

दीर्घ काळ या वनाचे वर्णन आपल्याला त्रुटित स्वरूपात माहीत होते. इराकमधील सुलेमानिया येथील संग्रहालयाने मिळवलेल्या एका मृत्तिकाफलकाचे वाचन २०१४ साली प्रसिद्ध झाले, आणि पाचव्या फलकातील काही गळलेला भाग हाती आला. त्यात देवदारवनातील पक्ष्यांचा कलरव आहे, किड्यांची किरकिर आहे, माकडांचा आरडाओरडा आहे. राखणदाराच्या दरबारात रोज वाजणारे ते संगीतच आहे. आणि वृक्षतोडीनंतर एन्किडूच्या तोंडी पश्चात्तापाचा सूर आहे, आपण वनाचे ओसाड रान केले असा. म्हणजे या कवीलाही ठाऊक होते की वन म्हणजे खांबांची रांग नव्हे. दार मंदिराला मिळाले, पण त्यापायी आवाज गेले.

दोन काव्ये, दोन राखणदार. एका कथेत राखणदार मारला जातो आणि वृक्षाचे लाकूड होते. दुसरीत राजा राखणदारापुढे नमतो आणि वृक्ष वृक्षच राहतो. दोन संस्कृतींची तुलना करून एकीला पुण्यवान व दुसरीला पापी ठरवण्याचा मोह येथे टाळला पाहिजे. हडप्पाच्या उत्खननात देवदाराचे लाकूड मिळाले आहे. म्हणजे या भूमीवरही ते मैदानात उतरत होते. एकोणिसाव्या शतकात ‘पहाडी विल्सन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फ्रेडरिक विल्सनने हर्सिलच्या खोऱ्यातील देवदार तोडून भागीरथीच्या प्रवाहात सोडले आणि उत्तर हिंदुस्थानातील लोहमार्गांखाली त्यांचे स्लीपर झाले. १८६४ साली सरकारी वनव्यवस्था उभी राहिली ती या तोडीला शिस्त लावण्यासाठी. पण ती शिस्तही मुख्यतः लाकडाच्या हिशेबाची होती. दिल्लीत उतरणारा प्रवासी बराच काळ त्या वनावरूनच येत होता.

६. दारुकावन कोठे आहे?

मराठी मनाचा या वनाशी एक अनपेक्षित संबंध आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी नागेशाचे स्थान ‘दारुकावन’ असे सांगितले जाते. हे स्थान आमचे, असे म्हणणारी तीन क्षेत्रे प्रसिद्ध आहेत : द्वारकेजवळचे नागेश्वर, अल्मोड्याजवळचे जागेश्वर आणि हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ. नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते औंढ्याला. वारकऱ्याच्या दृष्टीने याहून मोठे प्रमाण नको. दारुका नावाच्या राक्षसीवरून वनाला नाव पडले, अशी पुराणकथा आहे. आणि दारु म्हणजे देवदार, असाही अर्थ लावला जातो. पहिला अर्थ घेतला तर वन कोठेही असू शकते. दुसरा घेतला तर मात्र जागेश्वरचे पारडे जड होते. तेथे शंभराहून अधिक लहानमोठी प्राचीन मंदिरे देवदारांच्या दाट खोऱ्यात उभी आहेत.

क्षेत्राचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की औंढ्याला नाव पोहोचले, महिमा पोहोचला, संतकथा जन्मली. वृक्ष तेवढा पोहोचू शकला नाही. आणि जेथे वृक्ष आहे, तेथे २०२४ साली काय घडले? जागेश्वरला जाणारा मार्ग रुंद करण्यासाठी देवदारांवर खुणा करण्यात आल्या. ग्रामस्थ विरोधाला उभे राहिले आणि शासनाला फेरविचार करावा लागला. भाविकांनी सुखाने पोहोचावे म्हणून दारुकावनातले दारू तोडावे, ही कल्पना ज्यांना सुचली ते दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या कोशात ‘देवदार’ या नोंदीपुढे ‘एक वृक्ष’ एवढेच लिहिलेले होते. एका वृक्षाच्या मोबदल्यात दहा रोपे लावता येतात. दोनशे वर्षांच्या ढोलीच्या मोबदल्यात मात्र काहीच लावता येत नाही. तिला दोनशे वर्षेच लागतात.

टीपा लिहिणे हा आपला, म्हणजे साहित्याच्या अभ्यासकांचा, व्यवसाय आहे. म्हणून हा दोष परक्याच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. ‘देवदार : हिमालयात आढळणारा एक उंच वृक्ष’ अशी टीप मी स्वतः विद्यार्थ्यांसाठी वर्षानुवर्षे लिहीत आलो. ती चूक नाही. पण ‘यक्ष : कुबेराचा एक सेवक’ एवढे सांगून ‘मेघदूत’ शिकवावे, तशी ती आहे.

७. समारोप

‘मेघदूत’ मराठीत पुन्हा पुन्हा आले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर, शांता शेळके यांच्यापर्यंत अनेकांनी ते आपलेसे केले. यांपैकी देशमुख तर १९६२ ते १९६७ या काळात याच दिल्लीत विद्यापीठाचे कुलगुरू होते. या काव्याची मराठीला एवढी ओढ का असावी, याची अनेक कारणे देता येतील. एक कारण भूगोलाचे आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असा निर्वाळा दिला आहे. तो मान्य केला तर यक्षाचा वनवास मराठी भूमीवर घडतो. आणि जिथे देवदाराचे एक रोपही उगवत नाही, त्या टेकडीवर उभा राहून तो देवदारांवरून आलेला वारा छातीशी धरतो.

हा वारा केवळ कविकल्पना आहे काय? पश्चिम हिमालयातील देवदार, ओक, अक्रोड यांच्या मिश्र वनांत उन्हाळ्यात एक हिरवट, डोक्यावर फिकट पट्टा असलेला पर्णवटवट्या वीण करतो. वजन जेमतेम दहा ग्रॅम. थंडी पडू लागली की तो दक्षिणेची वाट धरतो आणि हिवाळा सह्याद्रीच्या रानांत काढतो. त्याचाच एक आप्त, शिमल्यात राहिलेल्या ॲलन ह्यूम यांचे नाव मिळालेला, सूचिपर्णी व भूर्जांच्या उंच वनांतून उतरतो आणि दिल्लीच्या रिजवर, बागांत आणि विद्यापीठाच्या आवारात थांबतो. ज्या दिवशी आम्ही तो श्लोक वाचत होतो, त्या दिवशी खिडकीबाहेरच्या ‘अशोका’त त्याचा बारीक, दोन तुकड्यांचा स्वर चालू होता. बंगाली विद्यार्थिनीने दाखवलेला देबदारु देवदार नव्हता. त्यात बसलेला पाहुणा मात्र देवदारांच्या डोंगरावरून आला होता.

त्यानंतर मी टीप बदलली. आता ती अशी आहे : ‘देवदार : पश्चिम हिमालयातील दीर्घायुषी सदाहरित वृक्ष. फळ देत नाही. हिवाळ्यात बर्फापासून आसरा देतो. कस्तुरीमृग, उडती खार व अनेक पक्षी यांचे घर. यांतील काही पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे येतात.’ टीप लांबली, हे खरे. परीक्षेत ती कोणी पूर्ण लिहीत नाही, हेही खरे. तथापि वर्गातील मराठी विद्यार्थ्याने सत्राच्या शेवटी मला विचारले, ते पक्षी रामटेकला कोणत्या महिन्यात दिसतील? त्याला उत्तर देण्यासाठी मला पक्ष्यांवरची पुस्तके उघडावी लागली. ‘मेघदूता’च्या अभ्यासात अशी पुस्तके लागतात, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले, त्याला ते विसाव्या वर्षीच कळले आहे.